एक दाब

१

मी पोपट. फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पेणला रामवाडीत माझं दुकान आहे, दहा बाय बाराचं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे शिकलो ते हाताने शिकलो.

पंपाचा जीव चामड्याच्या वायसरात असतो. वायसर वाटीसारखा असतो, नळीत घट्ट बसतो, भरलेली हवा मागे येऊ देत नाही. रबराचे आले, प्लास्टिकचे आले. मी अजून चामड्याचाच कापतो आणि करंजेलात, करंजाच्या तेलात, मुरवतो.

प्रत्येक वायसरवर मी साल टोचतो. आतल्या कडेला दहाचे टोचे, बाहेरच्या कडेला एकेरी. अठ्ठ्याहत्तर साल असेल तर आत सात, बाहेर आठ. गिऱ्हाईक म्हणतं, गेल्याच वर्षी बदललाय, आता फुकट करून द्या. मी पंप उघडतो, टोचे मोजून दाखवतो. वाद मिटतो. त्रेपन्न वर्षांत माझा टोचा खोटा ठरलेला नाही.

यंदा माघात गावच्या घराचे वासे बदलायला काढले. गाव कासूजवळ. घरात कोणी राहत नाही. कोपऱ्यात भाताची जुनी कणगी होती, शेणाने लिंपलेली, माणसाच्या उंचीची. ओल चढू नये म्हणून कणगीच्या तळाला हातभर तूस घालतात. भात संपतं, तो तूस कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी कणगी आडवी पाडली आणि तूस पायाने बाहेर ओढला.

तुसात बंदूक होती. छऱ्याची बंदूक, हवा भरायची. नळीखालची दांडी उघडायची आणि मिटायची, म्हणजे एक दाब. असे आठपर्यंत दाब घ्यायचे. एका जुन्या कापडात गुंडाळलेली होती. कापड बाजूला टाकलं. ते काय कापड होतं ते मी पाहिलं, पण तेव्हा मनावर घेतलं नाही.

सून भाविका बरोबर होती. ती पेणच्या शाळेत शिकवते.

"आबा, हीच का ती?" ती म्हणाली.

"कुठली ती?"

"केरूकाकांची."

मी बंदूक भिंतीकडे धरली आणि चाप ओढला. रिकामीच असणार, तेवढी खात्री करायला.

फट्ट झालं. भिंतीची माती उडाली.

हवा होती आत. एक दाबाची असेल. चामडं आठ दिवस हवा धरतं, फार चांगलं असेल तर महिना. तुसात पुरलेली बंदूक किती वर्षं पुरलेली होती ते मला माहीत नव्हतं, पण आठ दिवस नक्कीच नाहीत.

२

केरू माझा पाठचा भाऊ. डावखुरा. दुकानात माझ्याच हाताखाली काम शिकला. बंदूक आमच्या बापाची. वालाच्या शेतात वानरं उतरायची, त्यांच्यासाठी बापाने एका जंगल ठेकेदाराकडून घेतली होती. लहानपणी तिच्या दांडीत केरूच्या डाव्या हाताचं बोट सापडलं, करंगळीशेजारचं. त्याला पुन्हा नख आलं नाही.

बाप सांगायचा, बंदूक ठेवताना एक दाब आत ठेवावा. आतली झडप बसलेली राहते, कचरा जात नाही. केरू ठेवायचा. मी नाही ठेवायचो. भरलेली वस्तू घरात ठेवू नये, असं माझं मत.

एकोणऐंशी साली बंदूक घरातून गेली. केरूला तेव्हा पैशांची नड होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मी गावापुढे म्हणालो, याने विकली. त्याने देवीच्या देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हणालो, शपथ खोटी. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन रोह्याला गेला. तिथे कंपनीत लागला. पंचेचाळीस वर्षं आम्ही बोललो नाही. गेल्या फाल्गुनात तो वारला. मी गेलो नाही.

बंदूक सापडल्याचं भाविकाने रोह्याला कळवून टाकलं. मला न विचारता. संध्याकाळी केरूच्या बायकोचा, शांतीचा फोन आला. पंचेचाळीस वर्षांत पहिला.

"भावजी, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ह्यांचं वर्षश्राद्ध हाय. चार माणसं येतील. त्यांच्यासमोर एवढंच बोला, की माझा नवरा चोर नव्हता. मला दुसरं काय नको."

"आधी बंदूक तीच आहे का ते बघू दे."

"तुमच्या घरात, तुमच्या कणगीत. आनखी काय बघताव?"

"लाजेने दुसरी आणून ठेवली असेल त्याने."

ती मग म्हणाली, "बोलायचं नसंल तर येऊ नका. पुन्हा कधीच येऊ नका."

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. बंदूक कुठल्या सालची? एकोणऐंशीच्या आधीची असेल, तर ती बापाची आणि मी खोटा. नंतरची असेल, तर केरूने विकली आणि भरपाई म्हणून दुसरी आणून ठेवली. मग मी खरा.

बापाच्या बंदुकीला खूण काही नव्हती. ही तसलीच दिसत होती. पण तसलीच म्हणजे तीच नव्हे.

३

नळीवर कंपनीचं नाव होतं, ते घासून गेलेलं. शेवटचं एक अक्षर आणि चार आकडे तेवढे उरले होते. भाविकाने फोटो काढले आणि जुन्या बंदुका जमवणाऱ्या लोकांना पाठवले. फोनवर त्यांची टोळी असते म्हणे.

पुण्याचा एक जण म्हणाला, बावन्न ते अठ्ठावन्न. नाशिकचा म्हणाला, आकडा सालाचा नाही, नगाचा आहे, साल सांगता येणार नाही. तिसऱ्याने दस्त्याचा फोटो मागितला, मग चापाचा, मग पुन्हा दस्त्याचा उजेडात काढलेला. शेवटी म्हणाला, असा चाप ब्याऐंशीच्या आधी नव्हता.

"बघ," मी म्हणालो. "ब्याऐंशी."

"आणि पुण्याचे? ते बावन्न म्हणतात."

"त्याला काय कळतं?"

"आबा, तुम्हाला आवडेल तो माणूस हुशार." ती हसली. "उघडून का नाही बघत? लोकांचे पंप उघडून टोचे मोजता. बापाच्या बंदुकीला वायसर तुम्हीच घातला असेल ना? आत तुमचं साल निघेल. पाच मिनिटांचं काम."

ते मला कळत नव्हतं असं नाही. अठ्ठ्याहत्तर साली त्या बंदुकीला मी नवा वायसर घातला होता. आत सात, बाहेर आठ निघाले असते तर विषय संपला असता.

"हत्यारं बारीक लागतात," मी म्हणालो.

तिने माझ्या भिंतीकडे पाहिलं. बारीक हत्यारांच्या दोन रांगा होत्या. ती नुसती पिशवी उचलून निघाली. ते मला जास्त लागलं.

बंदूक दुकानात टेबलावर होती. गावाहून आणताना रिकामी करून आणली होती. दुसऱ्या दिवशी जागा करायला उचलली आणि सवयीने चाप ओढला.

फट्ट.

४

मी माणूस हिशेबी आहे. भूत-बीत मानत नाही. झडपेत उरलेली हवा एका ओढीत सुटत नाही, असं होऊ शकतं. म्हणून तीन वेळा चाप ओढला. तीनही वेळा नुसता टक् आवाज आला. बंदूक रिकामी झाली. ती लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप घातलं, किल्ली कनवटीला.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. या वेळी बाजारातून छऱ्यांची डबी आणली होती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भिंतीशी ठेवला, छर्रा भरला, चाप ओढला. डब्याला पोचा पडला, वाटाण्याएवढा.

मग स्वतः एक दाब दिला आणि दुसऱ्या डब्यावर मारलं. तेवढाच पोचा. दोन दाब दिले. छर्रा आरपार गेला.

म्हणजे रोज एक दाब. कमी नाही, जास्त नाही.

दुपारी दोनच्या सुमारास मी शटर अर्धं खाली ओढतो आणि बाकड्यावर पडतो. हायवेची वाहनं चालूच असतात, त्यांचा आवाज आता ऐकू येत नाही. त्या दुपारी दुसरा आवाज आला. पेटीतून. फुस्स, मग टक्. दांडी उघडली आणि मिटली. एकदाच.

हा आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही. मी उठलो नाही. आढ्याकडे बघत पडून राहिलो. पत्रा तापला की आवाज करतो, असं स्वतःला सांगितलं. खरं तर पत्रा तसा आवाज करत नाही.

पाच दिवस असेच गेले. डब्याला पाच पोचे पडले. मला भीती वाटत होती असं मी म्हणणार नाही. राग येत होता. जन्मभर मी हवा अडवायचं काम केलं. जिथे हवा नको तिथे ती कुठून येते हे मला सांगता येत नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी बंदूक उघडली.

दांडीची खीळ ठोकून काढली, आतला दट्टा ओढला. करंजेलाचा वास आला. ताजा. माझ्या दुकानात तो वास रोजचा आहे, तरी मी मान मागे घेतली.

वायसर मऊ होता. काळा पडलेला नव्हता. दिव्याखाली धरला आणि टोचे मोजले. आत दोन.

बाहेरच्या कडेला चार टोच्यांपाशी थांबलो. चष्मा पुसला. पाचवा होता.

पंचवीस. यंदाचं साल.

टोचायचं हत्यार, टोच्या, माझा होता. त्याच्या टोकाला बारीक खाच आहे, ती प्रत्येक भोकात उमटते. तसल्याच खाचेचा दुसरा टोच्या मी एकालाच दिला होता. पण काप माझा नव्हता. उजव्या हाताने वायसर तासला की उतार एका बाजूला पडतो. याचा उतार उलटा होता.

मी खूप विचार केला. मीच कापला असेल आणि विसरलो असेन. शहात्तर वय आहे. पण उलट्या हाताने कशाला कापीन? केरूने वर्ष मोजताना चूक केली असेल. पण जो माणूस गेल्या फाल्गुनात गेला तो एक साल पुढचं कशाला टोचील? शिवाय याने बंदुकीचं साल काही ठरत नव्हतंच. ती बावन्नची की ब्याऐंशीची, ते आहे तिथेच राहिलं.

वायसर काढून खिशात ठेवला. बंदूक वायसरशिवाय जोडली. अशा बंदुकीत हवा भरता येत नाही. शंभर दाब दिले तरी नाही. पेटीत ठेवली, कुलूप घातलं.

दुपारी मुद्दाम पडलो नाही. शटर अर्धं ओढून समोर चहाला गेलो. सव्वादोनला परत आलो. पाच पावलांवर असताना आवाज आला. फुस्स.

शटरखालून आतलं कमरेइतकं दिसतं. पेटीचं झाकण उभं होतं. बंदूक आडवी होती, कोणाच्या तरी मांडीवर ठेवावी तशी. दांडीवर हात होता. डावा. दांडी मिटत होता, घाई नाही, बाप शिकवायचा तशी सावकाश. करंगळीशेजारच्या बोटाला नख नव्हतं.

त्याच्या वरचं शटरने झाकलेलं होतं. वाकलो असतो तर दिसलं असतं.

मी वाकलो नाही.

टक् झालं. मी शटर वर ढकललं. पेटी बंद होती, कुलूप जागेवर. किल्ली कनवटीलाच होती, हाताला ओली लागली. घामाने असेल. पेटी उघडून छर्रा भरला, डब्यावर मारला.

सहावा पोचा पडला. वायसर माझ्या खिशात होता.

६

रविवारी सकाळी पेणहून रोह्याची गाडी धरली. बंदूक गोणपाटात होती. भाविका यायला निघाली होती, मी नको म्हणालो.

जाताना कासू लागलं. खिडकीतून वालाची शेतं दिसत होती, काढून झालेली. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. बंदूक नंतरची आहे, जाणकार ब्याऐंशी सांगतात. झालं गेलं विसरू. एवढं बोलून जेवून यायचं. आणणारा माणूस कोण, नेणारा माणूस कोण, याची चर्चा करायची नाही.

शांतीचं घर रोह्यात अष्टमी गावाच्या बाजूला आहे. दोन खोल्या. केरूच्या तसबिरीला हार होता. पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती, त्यातली सहा-सात आमच्या गावची. मी आल्यावर माना वळल्या.

"आलाव," शांती म्हणाली. पाणी दिलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. "आणलीव का ती?"

मी गोणपाट उघडलं. ती बंदुकीकडे बघत राहिली, पण नवल वाटल्यासारखी नाही. ओळखीच्या वस्तूकडे बघतात तशी.

"तू पाहिली आहेस ही?"

"नाय. ऐकून हाय. दर साली वाल निघाले की एक दिवस कासूला जायचे. तेलाची बाटली घेऊन, चामड्याचा तुकडा घेऊन. म्हणायचे, दादाची वस्तू हाय, बघून येतो."

"कधीपासून?"

"तुम्ही पेणला बिऱ्हाड नेलंव, कणगी रिकामी झाली. त्र्याऐंशी साल. घर बघायला म्हणून गेले, तर तुसात सापडली. तुमच्या सदऱ्यात गुंडाळलेली."

सदरा. खिशावर ॲसिडने जळालेलं भोक होतं. ते मी कणगीशी पाहिलं होतं आणि पायाने बाजूला सारलं होतं. पावसाळ्यात लोखंड गंजू नये म्हणून कोरड्या तुसात पुरतात. बाप पुरायचा. त्या साली मी पुरली असणार, आणि वरून भात पडलं असणार, आणि माझ्या ध्यानातून गेलं असणार. मला आजही आठवत नाही. पण सदरा माझा होता आणि दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"मग बोलला का नाही तो?" माझा आवाज चढला. "तोंड नव्हतं त्याला? चाळीस वर्षं?"

"मी पण हेच भांडायचे. म्हणायचे, ठेवणारा विसरलाय. त्यालाच आठवू दे. एकदा दादाने कणगीत हात घातला की झालं." तिने पदराने नाक पुसलं. "तवर गंजता कामा नाय, म्हणून जायचे."



शांती आत गेली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आली. लहान, कुलूप घातलेली. "ह्यांची हत्यारं. गेल्यापासून उघडली नाय. तुम्हीच उघडा."

आत टोच्या होता, मी दिलेला. आणि एक तार होती, तिच्यात वायसर ओवलेले. बंदुकीतून दर साली काढलेले जुने. पहिला घेतला. आत सात, बाहेर आठ. काप उजव्या हाताचा. माझा.

बंदुकीचं साल कळलं. बावन्न असो की ब्याऐंशी, जाणकारांनी भांडत बसावं. ही बापाची होती.

सवयीने पुढचे मोजत गेलो. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तार लांब होती. एकवीस, बावीस, तेवीस. तेवीसचा शेवटचा.

"गेल्या साली तो कासूला गेला होता?" मी विचारलं.

"कुठून जाणार? महिनाभर खाटेवर होते. त्यातच गेले."

म्हणजे तो गेला तेव्हा तेवीसचा वायसर बंदुकीत असायला हवा होता. नवा घातल्याशिवाय जुना निघून तारेत येत नाही. तो तारेत होता. बाकीचे वाळून कडक झाले होते. तेवीसच्याने माझ्या बोटांना तेल लागलं.

मी शांतीला ते दाखवलं नाही. तार पेटीत ठेवली. उभा राहिलो. भिंतीला हात लावला.

"केरू चोर नव्हता," मी म्हणालो. "बंदूक मी ठेवली होती आणि मी विसरलो. देवळातली शपथ खरी होती. खोटं मी बोललो."

आमच्या गावचा एक म्हातारा होता, देवळात त्या दिवशी हजर असलेला. तो म्हणाला, "उशीर केलास, पोपट."

"व्हय," मी म्हणालो.

तसबिरीपुढे वाकून नमस्कार केला. पुन्हा उभं राहायला शांतीने हात दिला.

७

बंदूक तिने ठेवून घेतली नाही. म्हणाली, तुमची वस्तू, तुमच्याकडे असू द्या.

सोमवारी दुकानात वायसर पुन्हा बसवला, पंचवीसचा. दट्ट्याला करंजेल लावलं, खीळ ठोकली. मग दांडी उघडली आणि मिटली, सावकाश. एक दाब. जन्मात पहिल्यांदा मी एक दाब आत ठेवून बंदूक ठेवली. बाप म्हणायचा तशी, केरू ठेवायचा तशी. वाटलं, आता हे संपलं. ज्याला जे हवं होतं ते मिळालं.

कुलूप घातलं. दोन वाजता शटर ओढून बाकड्यावर पडलो. कान पेटीकडे होता. काही आवाज आला नाही. मला झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

उठलो तेव्हा चार वाजले होते. भाविका शाळेतून येताना डोकावली. म्हणाली, "आबा, आज तुमचा चेहरा बरा दिसतोय." मी तिला चहा सांगायला पाठवलं.

ती गेल्यावर पेटी उघडली. छर्रा भरला, डबा भिंतीशी ठेवला. मी ठेवलेला दाब तसाच आहे का, एवढंच बघायचं होतं.

चाप ओढला.

डब्याला सहा पोचे होते. त्यांच्या शेजारी सातवा पडला नाही. तिथे भोक होतं, आरपार.